लखीरामची छाती

१

‘स्क्रीन अंधूक दिसते.’ ही तक्रार मी अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकली होती, की डॉक्टरनं तोंड उघडलं की पुढचं वाक्य मीच पुरं करायचो. अकोला, अमरावती, पुसद, कुठंही जा, रडगाणं तेच. स्क्रीन अंधूक झाली, मशीन म्हातारं झालं, तुमच्या कंपनीनं आम्हाला गंडवलं. मी बॅग उचलून जायचो आणि दहातल्या नऊ ठिकाणी मशीन ठणठणीत निघायचं. कुठं खिडकीच्या फटीतून ऊन आत येत असायचं, कुठं स्क्रीनच्या काचेवर चार वर्षांची धूळ साचलेली असायची.

तसं पाहिलं तर या कामात अवघड काही नाही. अंधाऱ्या खोलीत रोग्याला एक्स-रेच्या नळीपुढं उभं करायचं. त्याच्या छातीला लागून स्क्रीन. बटण दाबलं की किरण माणसातून पार होऊन स्क्रीनवर पडतात आणि हिरवट उजेडात आतलं दिसतं. हाडं काळी, फुप्फुसं उजळ. हा उजेड फार मंद असतो. म्हणून पाहणाऱ्यानं आधी वीस मिनिटं अंधारात बसून डोळे तयार करायचे असतात. आमचे डॉक्टरलोक उन्हातून थेट आत शिरतात, डोळे चोळतात आणि कंपनीला पत्र लिहितात. शिकलेल्या माणसाइतका आळशी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही.

१९७४ च्या मार्चमध्ये कारंज्याहून पत्र आलं, की स्क्रीन फार उजळ दिसते.

मॅनेजरनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. स्क्रीनचा लेप वर्षागणिक पिवळा पडतो, नळी थकते. उजेड कमी होतो. आपोआप वाढलेला उजेड मी तरी कधी पाहिला नव्हता. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं, मग तिसरं. तिसऱ्यात डॉक्टरनं ‘कृपा करून’ हे शब्द दोनदा लिहिले होते.

‘‘जानराव, जाऊन या एकदाचे,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘म्हाताऱ्याला चष्मा बदलायला सांगा.’’

२

डॉक्टर दौलतराव काळबांडे यांचा दवाखाना अडत दुकानांच्या मागच्या गल्लीत होता. पुढं एक खोली, मागं टिनाची दुसरी. मी पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. साठीचा, टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग असलेला माणूस एका म्हातारीची जीभ पाहत होता.

‘‘या मिस्तरी,’’ तो म्हणाला.

माझ्या कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ असं छापलेलं आहे. ते मी त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं त्यावर औषधाची बाटली ठेवली.

‘‘स्क्रीन जास्त उजळ आहे हे तुम्ही ठरवता कशावरून?’’ मी विचारलं.

‘‘लखीरामवरून.’’

लखीराम म्हणजे त्याचा कंपाउंडर. धनजकडच्या तांड्यावरचा, पन्नाशीचा, काटक माणूस. तो दारात उभा राहून बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता. त्यानं मला हात जोडले.

मग डॉक्टरनं जे सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना. फिल्म महाग, म्हणून हा गृहस्थ फिल्म काढतच नव्हता. रोज सकाळी आठला लखीरामनं शर्ट काढून मशीनपुढं उभं राहायचं. त्याच्या बरगड्या नेहमीसारख्या, दोन्ही बाजूंना दहा-दहा, दिसेपर्यंत डॉक्टरनं बटण फिरवायचं. लखीराम बरोबर दिसला की मशीन बरोबर. मग रोगी घ्यायचे. नऊ वर्षं हेच चाललं होतं. बनिया तराजू तपासायला वजन ठेवतो, तसा यानं एक जिता माणूस ठेवला होता.

‘‘आणि शिशाचा एप्रन?’’ मी विचारलं.

एप्रन खुंटीवर होता. त्यावर छत्री टांगलेली होती.

रोज एका धडधाकट माणसातून विनाकारण किरण काढू नयेत, हे त्या काळीही पुस्तकात छापलेलं होतं. मी तसं बोललो. डॉक्टरनं म्हातारीला कागद दिला, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, ‘‘तुमी मशीन पाहा मिस्तरी. तेवढ्यासाठी बोलावलं.’’

असल्या माणसांना डिग्री कोण देतं, हा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे.

३

मागच्या खोलीत मी आधी दिव्याच्या उजेडात सगळं तपासलं. लाइन दोनशे पाच व्होल्ट, म्हणजे जिनिंगची यंत्रं चालू असताना असते तेवढीच. स्क्रीनची काच स्वच्छ. मागचा लेप पिवळटलेला, वयाप्रमाणे. नळीचा प्रवाह ठरल्याइतका. काळे पडदे जाड, एक फट नाही. इतकी नीट ठेवलेली अंधारखोली मी अकोल्यातसुद्धा पाहिली नव्हती आणि ते मान्य करणं मला जड गेलं.

एकच गोष्ट विचित्र होती. किरणांचा जोर कमी-जास्त करायचं बटण एक ते दहा खटक्यांचं असतं. सातव्या खटक्याशी बायका नखांना लावतात त्या लाल रंगाची ठसठशीत खूण होती. त्याखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. सहाशी लिहिलं होतं ‘दिवाळी’. पाचाशी ‘संक्रांत’. चाराशी फेब्रुवारीची एक तारीख, तिनाशी मार्चची. दोनाशी नुसती रेघ.

‘‘ह्या काय भानगडी आहेत?’’ मी लखीरामला विचारलं. ‘‘रोग्यांना कुठल्या खुणेवर पाहतात?’’

‘‘पेशंटाले लालच, साहेब. पहिल्यापासून.’’

‘‘मग पेन्सिलीच्या?’’

‘‘त्या माह्या हायेत.’’

म्हणजे एकाच मशीनला दोन हिशेब. रोग्यांसाठी सात, आणि ज्याच्यावरून मशीन लावायचं त्याच्यासाठी दिवसेंदिवस कमी. जोर कमी केला की किरण अंगात जास्त अडतात, सावली गडद पडते. एवढं बटण उतरवून डॉक्टर त्याला गडद करायला पाहत होता. दोनाच्या खटक्यावर माझ्या तळहाताच्याही पार काही जाणार नाही, हे मला ठाऊक होतं.

‘‘वजन उतरलं का तुझं?’’

‘‘नाई. अडत्याच्या काट्यावर जाऊन आलो. बावन्न किलो होतो, बावन्नच हाओ. तीन भाकरी खातो.’’

तो हसत होता. मला अशा हसण्याचा राग येतो. माणसाला काही विचारायचं असतं आणि तो नुसता हसत उभा राहतो.

‘‘दिवा बंद कर,’’ मी म्हणालो. ‘‘वीस मिनिटं बसू. मग पाहतो तुमचा चमत्कार.’’

४

दुसऱ्यांना नियम सांगायचे आणि आपण मोडायचे, असा मी नाही. मी खुर्चीवर बसलो. लखीरामनं पडदा सारखा केला आणि तो समोर कुठंतरी स्टुलावर बसला. बाहेर हमालांची ओरड चालली होती, बैलगाडीचं चाक दगडावर चढत होतं, टिन उन्हानं टकटक वाजत होतं. आत आपलाच हात आपल्याला दिसत नव्हता.

अंधारात माणसाला आधी आपला श्वास ऐकू येतो, मग दुसऱ्याचा. मला माझाच ऐकू येत होता. लखीराम लहान श्वास घेत असेल. पडद्याचं कापडही आवाज खातं. ही कारणं मी मनातल्या मनात मोजली, आणि मग मी ती का मोजतोय, याची मला चीड आली.

आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव नाहीत, त्यामुळं भुतंही नाहीत. माझ्या वडिलांनी दोन्ही एकाच दिवशी बाहेर काढली. अंधारात बसून घाबरणारी माणसं मी तुच्छ समजतो, आणि त्या दिवशीही समजत होतो.

‘‘लखीराम,’’ मी म्हणालो.

‘‘हाओ साहेब.’’

आवाज स्टुलाच्या जागेवरूनच आला. मला बरं वाटलं.

‘‘साहेब, एक बोलू का?’’ तो म्हणाला. ‘‘डाक्टरसाहेब म्हणतात मशीन बिघडली. ते भले मानूस हायेत, पण ते मशीनीचे मानूस नाईत. तुमी हाये. म्हून तुमाले इच्यारतो. खोट मशीनीत असन तं मशीनीत सांगा. माह्यात असन तं माह्यात सांगा.’’

‘‘तुझ्यात कसली खोट असणार?’’

‘‘ते मले काय समजते? पण माही पोरगी सातवीत हाय, बेबी. इथंच कारंज्यात, माह्याजवळ राह्यते. मी नसलो तं तिची शाळा बंद. तांड्यावर नेतीन अन् कामाले लावतीन. मूर्तिजापूरले तिचा मामा हाय, लालसिंग. त्याले आत्ताच चिठ्ठी टाकली, तं जूनपासून तो तिले ठेवून घेईन. पण कायले उगाच टाकू? मानूस इच्यारते ना, काहून, काय झालं? मले समजलं पाह्यजे.’’

त्याला काय म्हणायचं आहे ते मला स्वच्छ समजलं. तरी मी म्हणालो, ‘‘अडाण्यासारखं बोलू नकोस.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘पण खरं सांगाल ना?’’

‘‘मी खोटा रिपोर्ट आजवर लिहिला नाही.’’

हे खरं होतं. वीस मिनिटं झाली असावीत. मी बटण चाचपून सातव्या खटक्यावर आणलं.

५

आधी मशीन. तेलाच्या टाकीतून घुमणारा ओळखीचा आवाज आला आणि स्क्रीन उजळली, पिवळसर हिरवी, वयाला शोभेल तितकीच. अ‍ॅल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी आम्ही जवळ बाळगतो. ती मध्ये धरली. पातळ पायरी फिकी, जाड पायरी काळी, मधल्या सगळ्या मोजून दिसल्या. मग आमच्या धंद्यातले सगळेच करतात ते केलं, आपला हात घातला. बोटांची हाडं, मनगट, अंगठीचा काळा गोल. बटण दोनावर उतरवलं तर सगळा हात एकच काळा डाग. मशीनमध्ये काहीही खोट नव्हती. मी पुन्हा सातावर आलो.

‘‘ये. शर्ट काढ. गळ्यात आहे ते पण काढ.’’

‘‘ताईत नाई काढत साहेब. मायनं बांधला.’’

‘‘राहू दे,’’ मी वैतागून म्हणालो.

तो स्क्रीनच्या पलीकडे गेला. फळीवर त्याचे पाय वाजले. लाकूड त्याच्या वजनानं करकरलं, बावन्न किलोला करकरावं तसं. स्क्रीनची चौकट त्याच्या छातीला टेकली, ते मला हातात जाणवलं. मी पायाखालचं बटण दाबलं.

स्क्रीन कोरी होती.

मला वाटलं तो बाजूला उभा आहे. मी म्हणालो, ‘‘मध्ये ये.’’ तो म्हणाला, ‘‘मधीच हाओ.’’ आवाज स्क्रीनच्या बरोबर मागून, माझ्या तोंडासमोर एका हातावरून आला. त्याचा श्वास चौकटीला लागून ती किंचित हलत होती.

आणि मग मला ताईत दिसला. लहान, चौकोनी, काळा. हिरव्या उजेडाच्या मधोमध, कशालाही न टांगलेला. तो सावकाश वर जात होता आणि खाली येत होता.

मी पाय उचलला. अंधार झाला. ‘‘काय झालं, साहेब?’’ लखीरामनं विचारलं. ‘‘लाइन गेली,’’ मी म्हणालो, आणि ती गेली नव्हती हे टाकीच्या आवाजावरून त्याला कळलं असणार. मी बटण पाचावर आणलं. ताईत. तिनावर. ताईत. दोनावर, जिथं माझा हात नुसता डाग झाला होता, तिथंही उजेड त्याच्यातून तसाच पार येत होता. मी एकावर गेलो. एक हा खटका कोणी वापरत नाही. त्यावर उजेड असा नसतोच, असल्याचा भास असतो. त्या भासात डाव्या अंगाला, ताइताच्या खाली, मुठीएवढं काहीतरी आवळत आणि सुटत होतं. मी नीट पाहायला गेलो की ते नसायचं. नजर बाजूला केली की पुन्हा चालू असायचं.

मी किती वेळ पाहत होतो मला माहीत नाही. पायाखालचं बटण तेवढा वेळ दाबलेलंच होतं. एप्रनबद्दल डॉक्टरला शहाणपण शिकवणारा मीच, आणि मीच त्या माणसाला तिथं उभा करून ठेवला होता. अकरा वर्षांत मशीन तपासायला मी स्वतः किती कंपाउंडर, किती झाडूवाले असे उभे केले असतील ते मला तेव्हा आठवायला लागलं. एकाचंही नाव आठवेना.

‘‘साहेब,’’ स्क्रीनच्या मागून आवाज आला, अगदी शांत. ‘‘बरगड्या मोजा ना. किती दिसते?’’

बाहेर हमाल कुणाला तरी शिव्या देत होते. आत टाकी घुमत होती. माझ्यासमोर ताईत वर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं श्वास रोखला होता.

‘‘दहा,’’ मी म्हणालो.

‘‘दोन्ही बाजूनं?’’

‘‘दोन्ही बाजूनं दहा. स्पष्ट.’’

ताईत खाली आला.

६

पुढच्या खोलीत ऊन डोळ्यात घुसलं. रोगी संपले होते. डॉक्टर टेबलाशी बसून संत्र्याच्या फोडीवरचे धागे काढत होता. लखीराम माझ्या मागून आला, शर्टाची बटणं लावत, आणि चहा सांगायला अंगणातून बाहेर गेला. अंगणात टळटळीत ऊन होतं. मी त्याच्या पायाशी जमिनीकडं, सावलीच्या जागी, पाहिलं नाही. शिकलेला माणूस असल्या गोष्टीसाठी जमिनीकडं पाहत नाही. मी भिंतीवरच्या क्षयरोगाच्या तक्त्याकडं पाहत राहिलो.

मला डॉक्टरला झापायचं होतं. वाक्यं तयार होती. खुर्ची ओढून मी तोंड उघडलं.

‘‘किती सांगितल्या?’’ डॉक्टरनं वर न पाहता विचारलं.

‘‘दहा,’’ मी म्हणालो.

‘‘बरं केलं. मी पण दहाच सांगतो. संक्रांतीले चुकून नऊ म्हणून गेलो, तं चार दिवस जेवला नाई तो.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘मले काय माहीत हाये? मले दिसते फक्त.’’ त्यानं फोड तोंडात टाकली नाही, नुसती धरून ठेवली. ‘‘नागपूरले मोठ्या डॉक्टरले लिहिलं. त्यानं तुमच्यासारखंच लिहिलं, का मशीन तपासा. नऊ वर्षं मीच उभा केला ना त्याले, मिस्तरी. रोज. सुटीच्या दिवशी पण, सवयीनं.’’

‘‘त्याला खरं हवंय. त्याला मुलीची सोय लावायची आहे.’’

‘‘मंग सांगा,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘तुमी सांगा. काय सांगसान?’’

या माणसाचा मला सकाळपासून तिटकारा आला होता आणि तो अजून गेला नव्हता. पण आता त्या तिटकाऱ्यात एकटा तोच नव्हता. मी बॅगेतून रिपोर्टाचा कागद काढला. मशीनच्या नावापुढं नंबर लिहिला, व्होल्ट लिहिले, तारीख लिहिली. खाली ‘दोष’ असा रकाना असतो. तिथं माझं पेन थांबलं. ‘काही नाही’ हे दोन शब्द मी तिथं शेकडो वेळा लिहिले होते, आणि दर वेळी मोठ्या तोऱ्यानं लिहिले होते.

लखीराम चहा घेऊन आला. तीन कप, तिन्ही बशीसकट. एक त्यानं माझ्यासमोर ठेवला. कपात लाट नव्हती, त्याचा हात अगदी स्थिर होता.

‘‘काय निघालं, साहेब?’’ त्यानं विचारलं.

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होता.

‘‘स्क्रीन,’’ मी म्हणालो आणि लिहिलं: स्क्रीन सदोष, बदलणे. खाली सही केली. ‘‘लेप खराब झालाय. नसलेला उजेड दाखवते.’’

लखीरामनं डोळे मिटले आणि उघडले. मग तो हसला, आणि सकाळचं हसू वेगळं होतं हे मला तेव्हा कळलं.

‘‘मी म्हनलंच होतं डाक्टरसाहेबाले. उगाच मानूस घाबरते.’’ त्यानं खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. पत्ता लिहून झालेला होता, मूर्तिजापूरचा. मजकुराची बाजू कोरी होती. ते त्यानं मधोमध फाडलं, मग आणखी एकदा फाडलं, आणि तुकडे नीट कचऱ्याच्या डब्यात टाकले. ‘‘आता कायले लालसिंगले तरास? पोरगी राह्यते माह्याजवळच. नवी स्क्रीन कवा येते, साहेब?’’

‘‘वेळ लागेल,’’ मी म्हणालो. ‘‘मुंबईहून मागवावी लागते.’’

‘‘लागू द्या ना,’’ लखीराम म्हणाला. ‘‘मी कुठं चाललो?’’